न खोडता येणारी रेघ



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते मला चौथीत शिकवायला होते. त्याच वर्षी मला संधिवाताचा ताप आला. तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही, जमिनीला पाय लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरात माजघरामागच्या खोलीत माझी खाट होती. समोरच्या भिंतीचा चुना पोपडे धरून सुटत होता. त्या पोपड्यांत मला उंट दिसे, म्हातारी दिसे, आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आधी एक असं तोंड दिसे की मी भिंतीकडे पाठ करून निजत असे.

गुरुजी दर शनिवारी सकाळची शाळा आटोपून यायचे. पिशवीतून दोन पुस्तकं काढून उशाशी ठेवायचे आणि आधीची दोन परत न्यायचे. पुस्तक कसं वाटलं, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. ते विचारायचे, ‘त्यातलं काय आठवतंय?’ त्यावर मी जे सांगेन ते ऐकून घ्यायचे आणि निघायचे. पुढे तीसेक वर्षं मी बालवाचनालय चालवलं आणि मुलांना हाच प्रश्न विचारत आले. पुस्तक चांगलं होतं, असं मूल आपल्याला बरं वाटावं म्हणूनही सांगतं. आठवण मात्र कुणाला खूश करण्यासाठी आणता येत नाही.

आज ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे, ते मला गुरुजींनी दिलेलं नाही. ते मी लहानपणी वाचलेलंच नाही. पस्तिशी ओलांडल्यावर मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते सापडलं. पफिनची पातळ प्रत, कडा पिवळ्या पडलेल्या, आत कुठल्याशा शाळेच्या ग्रंथालयाचा पुसट शिक्का. हे मुद्दाम सांगते, कारण लहानपणच्या पुस्तकांवर आपला जीव असतो तो बराचसा लहानपणावरच असतो. या पुस्तकाला माझ्याकडून ती सवलत मिळालेली नाही. तरीही ते मनातून गेलं नाही.

पुस्तकाचं नाव ‘मॅरिअ‍ॅन ड्रीम्स’. लेखिका कॅथरिन स्टॉर. फेबर या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने ते १९५८ साली काढलं. अमेरिकेत ते ‘द मॅजिक ड्रॉइंग पेन्सिल’ या नावाने गेलं. चित्रं मार्जरी-अ‍ॅन वॉट्स यांची आहेत, आणि ती या पुस्तकाचा अर्धा जीव आहेत. दहा वर्षांच्या मुलीने काढावीत तशी, कच्च्या हाताची चित्रं एका जाणत्या चित्रकर्तीने काढली आहेत. ते किती अवघड असतं, हे चित्र काढणाऱ्यांना सांगायला नको.

गोष्ट अशी. मॅरिअ‍ॅनचा दहावा वाढदिवस. घोड्यावर बसायला शिकायचं, हे तिचं कित्येक दिवसांचं स्वप्न त्या दिवशी पुरं होतं आणि त्याच दिवशी ती आजारी पडते. आजार लांबतो, कित्येक आठवडे पलंगावरच काढायचे असं ठरतं. पणजीच्या जुन्या शिवणपेटीत चाळवाचाळव करताना तिला एक पेन्सिल मिळते. त्या पेन्सिलीने ती एक घर काढते. चार खिडक्या, एक दार, धुराडं, त्यातून निघणारा धूर, भोवती कुंपण, गवत, थोडी फुलं, काही मोठे दगड. त्या रात्री स्वप्नात ती एका ओसाड माळावर उभी असते आणि समोर तेच घर असतं. भिंती वाकड्या, कारण तिने त्या वाकड्याच काढलेल्या. घरात शिरता येत नाही, कारण दार उघडायला आत कुणी नाही. जागी झाल्यावर ती वरच्या खिडकीत एक मुलगा काढते. पुढच्या स्वप्नात तो मुलगा खिडकीत असतो. पण खाली येऊन दार उघडू शकत नाही. घरात जिनाच नाही. जिना तिने काढलेलाच नव्हता.

हा जिना मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची मुलं चित्र काढायला बसली की काय काढतात, ते आठवा. दोन डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, बाजूला नारळाचं झाड, आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत जा, हे चित्र भेटेल. त्या झोपडीत कोण राहतं, हा प्रश्न आपण मुलाला सहसा विचारत नाही. नदी ओलांडून तिथे जायचं कसं, आत चूल आहे का, आतल्या माणसाला बाहेर यायला दार उघडतं का, हेही विचारत नाही. स्टॉर यांनी नेमकं हेच विचारलं. मुलाने काढलेलं चित्र अक्षरशः खरं धरलं तर काय होईल? जे काढलं ते असेल आणि जे काढायचं राहिलं ते नसेल. एवढ्या एका नियमावर त्यांनी सबंध कादंबरी उभी केली. तिच्यातली भीती आणि तिच्यातला आनंद दोन्ही त्याच नियमातून येतात.

दारापलीकडच्या दुसऱ्या जगाच्या गोष्टी इंग्रजी बालसाहित्यात खूप आहेत, आणि आपल्याकडच्या वाचकांनाही त्या आता परक्या नाहीत. अ‍ॅलिस १८६५ साली सशाच्या बिळात उतरली. नार्नियाचं कपाट १९५० साली उघडलं आणि त्या मालिकेचं सातवं पुस्तक १९५६ साली आलं. हॅरी पॉटरचा पावणेदहाचा फलाट १९९७चा. यातल्या बहुतेक गोष्टींत दार आधीपासून कुठेतरी असतं आणि पलीकडचं जग दुसऱ्या कुणाचं असतं. तिथे राजा असतो, चेटकीण असते, जुनी भाकितं असतात. मूल तिथे पाहुणं म्हणून जातं आणि बहुतेक वेळा त्या जगाला तारून परत येतं. मॅरिअ‍ॅनच्या जगात तिच्याआधी कुणीच नव्हतं. तिथे इतिहास नाही, नकाशा नाही, राजवंश नाही. एक माळ, एक वाकडं घर आणि तिच्या हाताने जे जे कागदावर उतरलं तेवढंच. म्हणून तिथे जे वाईट आहे तेही तिच्याच हातचं आहे. त्या वाईटाचं खापर फोडायला तिला चेटकीण मिळत नाही.

आता त्या वाईटाकडे येते. या पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

आजारी मुलांना घरी येऊन शिकवणाऱ्या मिस चेस्टरफील्ड नावाच्या बाई मॅरिअ‍ॅनला शिकवत असतात. त्या आणखी काही मुलांकडे जातात. त्यांपैकी एक मार्क. त्याला पोलिओ झालेला आहे आणि त्याचे पाय चालत नाहीत. स्वप्नातल्या घरातला मुलगाही मार्कच आहे, हे मॅरिअ‍ॅनला हळूहळू कळतं. जागेपणी दोघं एकमेकांना कधी भेटत नाहीत. जागेपणाचा मार्क तिला कळतो तो बाईंच्या तोंडून, तुकड्यातुकड्यांनी. मग बाईंचा वाढदिवस येतो. मॅरिअ‍ॅनने त्यांच्यासाठी गुलाब आणवलेले असतात. बाई येतात त्याच गुलाबांचा मोठा गुच्छ हातात घेऊन. तो मार्कने दिलेला असतो. आपल्या फुलांपुढे त्याची फुलं कितीतरी जास्त!

एवढंच घडतं. कुणी मरत नाही, कुणी फसवत नाही. पण दहा वर्षांच्या, महिनोन्‌महिने पडून असलेल्या मुलीसाठी ते पुष्कळ असतं. ती वही ओढते, ती पेन्सिल घेते आणि मार्कच्या खिडकीवर गज ओढते. जाड, काळे, एकावर एक. कुंपण उंच करते. बाहेर आणखी दगड काढते आणि त्या दगडांना डोळे काढते, म्हणजे मार्कवर सतत पहारा राहील.

राग ओसरतो. आजारी मुलांचा राग ओसरतोच, कारण तो धरून ठेवायलाही ताकद लागते. पण त्या पेन्सिलीची रेघ खोडता येत नाही. खोडरबर चालत नाही. स्वप्नात गेल्यावर खिडकीला गज आहेत, आणि कुंपणाबाहेर दगड उभे आहेत, डोळे उघडे ठेवून. तिकडे जागेपणी बाईंकडून बातमी येते की मार्कचा आजार बळावला आहे, त्याला रुग्णालयात लोखंडी फुफ्फुसात ठेवलं आहे. तिच्या रेघांनी हे झालं का? पुस्तक हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मॅरिअ‍ॅनला मात्र वाटतं की झालं. आणि तसं वाटणं हीच मुलांच्या आयुष्यातली अगदी खरी, अगदी एकाकी गोष्ट असते. आई आजारी पडली, आजोबा गेले, आईबाबांचं भांडण झालं, की आपण त्या दिवशी मनात काहीतरी वाईट आणलं होतं म्हणूनच हे झालं, असं कितीतरी मुलं धरून चालतात. ती ते कुणाला सांगत नाहीत.

मी आजारी होते तेव्हा आमच्या वर्गाची सहल प्रतापगडावर गेली. जाताना वर्गाचा फोटो काढला होता, त्याची प्रत घरी आली. त्यात माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण पहिल्या रांगेत हसत उभी होती. मी दौतीत टाक बुडवला आणि तिचं तोंड काळं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला आली, गडावरून माझ्यासाठी वेचलेल्या रंगीत खड्यांची पुरचुंडी घेऊन. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली, पण गेली नाही. मॅरिअ‍ॅनने गज ओढले ते पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्या शाईबद्दल मी तोवर कुणाजवळ एक अक्षर काढलं नव्हतं.

त्या दगडांना ही मुलं नाव देत नाहीत. इंग्रजीत त्यांचा उल्लेख नुसत्या सर्वनामाने होतो आणि तो मोठ्या लिपीत छापलेला असतो. मी ही गोष्ट मुलांना मराठीत सांगू लागले तेव्हा अडले. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरं नाहीत. मग ध्यानात आलं की आपल्याला त्याची गरजच नाही. रात्री सापाचं नाव घेऊ नये म्हणून ‘लांबडं’ म्हणणारी, ‘जनावर’ म्हणणारी माणसं आपलीच. ज्याची भीती वाटते त्याला नावाने हाक मारायची नाही, हे आपल्या आज्ज्यांनी आपल्याला शिकवलेलं आहे. म्हणून मी नुसतं ‘ते’ म्हणत असे. ‘ते अजून तिथेच आहेत.’ शब्दाआधी जरासं थांबलं की पुरे. मराठीतला ‘ते’ आदराचाही आहे आणि धाकाचाही, आणि या दगडांना तो चपखल बसतो.

एक प्रसंग मी कधी गाळला नाही. घरात करमणूक हवी म्हणून एक रेडिओ येतो, आणि त्यातून गाणी नाही, बातम्या नाहीत, त्या दगडांचा आवाज यायला लागतो. आपणच आणलेल्या सोबतीतून आपलीच भीती बोलू लागते. इतकी साधी आणि इतकी अंगावर येणारी कल्पना मला बालसाहित्यात फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

यापुढे मॅरिअ‍ॅन जे करते, त्यासाठी हे पुस्तक मुलांच्या हाती द्यायला हवं असं मला कळकळीने वाटतं. खोडता येत नाही म्हटल्यावर ती रडत बसत नाही आणि कुणी मोठं माणूस येऊन सगळं नीट करील याची वाटही बघत नाही. ती आणखी काढते. मार्कसाठी अंथरूण काढते, खायला काढते, पुस्तकं काढते, सायकल काढते. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी सायकल! मार्क चिडतो, जमणार नाही म्हणतो, भांडतो आणि शेवटी पायडल मारायला लागतो. दूर एक दीपस्तंभ दिसतो. त्याचा झोत फिरत येतो तेव्हा ‘त्यांना’ तो सोसत नाही. तेवढ्या अवधीत निसटायचं असतं. ती धाव वाचताना मी अजूनही श्वास रोखते, पुढे काय होणार ते पाठ असूनही.

क्षमा मागून रेघ पुसली जात नाही. तिच्या शेजारी दुसरी रेघ काढावी लागते आणि दुसऱ्या रेघेला पहिलीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. हे मुलांना उपदेशाने सांगणारी पुस्तकं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि मुलं ती पानं उलटून पुढे जातात. स्टॉर उपदेशाचं एक वाक्यही लिहीत नाहीत. मॅरिअ‍ॅन वाईट मुलगी आहे असं त्या कुठे सुचवत नाहीत, नंतर ती गुणी झाली असंही दाखवत नाहीत. दीपस्तंभावर पोचल्यावरसुद्धा ती मार्कशी भांडतेच.

हा संयम कुठून आला, ते लेखिकेच्या आयुष्याकडे पाहिलं की उमगतं. कॅथरिन स्टॉर यांचा जन्म १९१३चा, लंडनचा. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात त्या आधी इंग्रजी साहित्य शिकल्या, मग वैद्यकाकडे वळल्या. १९४४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे लंडनच्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम केलं. पती अँथनी स्टॉर हेही त्याच क्षेत्रातले, नामवंत. तीन मुली. त्यांतल्या पॉलीला पलंगाखाली लांडगा आहे अशी भीती वाटे. लांडगा वगैरे काही नसतो, असं आईने तिला सांगितलं नाही. तिने गोष्टी रचल्या, ज्यांत लांडगा आहे, तो पॉलीला खायला टपलेला आहे, आणि पॉली दर वेळी त्याच्याहून हुशार ठरते. त्याच गोष्टी १९५५ साली ‘क्लेव्हर पॉली अँड द स्टुपिड वुल्फ’ म्हणून छापून आल्या आणि त्यांना मोठी लोकप्रियता मिळाली. पुढे मुलांच्या पुस्तकांतली भीती आणि दुष्टपणा या विषयावरही त्यांनी लिहिलं. भीती मुलांच्या मनात आधीपासूनच असते, पुस्तक तिला आकार देतं आणि आकार मिळाला की तिच्याशी झुंजता येतं, अशी त्यांची भूमिका होती. ‘मॅरिअ‍ॅन’ लिहिताना त्या रुग्णालयात रोज माणसं तपासत होत्या. त्या काळात आपल्या विषयाची परिभाषा कादंबरीत घुसडणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी तसं एकदाही केलेलं नाही.

मार्कच्या आजाराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आजच्या मुलांना तो समजावून सांगावा लागतो. १९४७ साली ब्रिटनमध्ये पोलिओची मोठी साथ आली आणि त्यानंतर उन्हाळा आला की आईबाप धास्तावत. डॉक्टर सॉल्क यांची लस परिणामकारक असल्याचं १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर झालं, ब्रिटनमध्ये लसीकरण १९५६ मध्ये सुरू झालं. म्हणजे १९५८ साली हे पुस्तक ज्या घरांत गेलं त्या घरांना लस ठाऊक होती आणि पोलिओही ठाऊक होता. श्वास घेणारे स्नायू निकामी झालेल्या रुग्णाला गळ्यापासून खाली एका लोखंडी पिंपात ठेवत. पिंपातल्या हवेचा दाब कमीजास्त करून त्याची छाती फुलवत आणि दबवत. फक्त डोकं बाहेर. ते लोखंडी फुफ्फुस. चार भिंती, गज आणि बाहेर पहारा, ही मॅरिअ‍ॅनची चित्रं त्या पिंपात पडलेल्या मुलाला लागू करून पाहा, म्हणजे स्टॉर यांनी काय केलं आहे ते कळेल.

आपण या आजाराला ब्रिटनपेक्षा कितीतरी उशिरा निरोप दिला. पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. इथे बसलेल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाच्या वर्गात कॅलिपर लावून येणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी होती. खेळाच्या तासाला ती व्हरांड्यात बसून आमच्या चपला सांभाळायची. तिच्या मनात आमच्याबद्दल काय येत असेल, हे आम्हांला कधी सुचलं नाही. मार्कला स्टॉर यांनी बिचारा केलेलं नाही. तो आडमुठा आहे, तर्कट आहे, आळशी आहे, दयेला फटकारणारा आहे. आणि शेवटी सुटकेचा मार्ग त्याच्याच हातून येतो. दीपस्तंभावरून पुढे न्यायला हेलिकॉप्टर हवं, ते मॅरिअ‍ॅनला काढता येत नाही. पेन्सिल मार्कच्या हाती द्यावी लागते.

ज्या पेन्सिलीने तिने त्याला कोंडलं, ती त्याला द्यायची. कादंबरीतला सर्वांत मोठा क्षण हाच, आणि तो लेखिकेने अगदी हळू आवाजात सांगितला आहे.

मग इतकं चांगलं पुस्तक मागे का पडलं? पहिलं कारण निव्वळ दुर्दैवाचं. त्याच १९५८ साली फिलिपा पिअर्स यांचं ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ आलं. भावाला गोवर आला म्हणून मावशीकडे पाठवलेला टॉम, तेरा ठोके देणारं घड्याळ, मध्यरात्री उघडणारी बाग. त्या वर्षीचं कार्नेगी पदक त्याला मिळालं आणि ते योग्यच होतं. ते फार सुंदर पुस्तक आहे. पण आजारपण, कोंडलेपण आणि रात्रीचं दुसरं जग या एकाच मुलखातल्या दोन पुस्तकांपैकी बाग असलेलं लोकांनी उराशी धरलं, दगड असलेलं बाजूला राहिलं. दुसरं असं की मॅरिअ‍ॅनचं जग वाढवता येत नाही. त्याच्या मालिका निघत नाहीत. १९६० साली स्टॉर यांनी ‘मॅरिअ‍ॅन अँड मार्क’ लिहिलं, त्यात दोघं मोठी झालेली आहेत आणि पेन्सिलीची जादू उरलेली नाही.

पडद्यावर ते दोनदा आलं. १९७२ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘एस्केप इन्टू नाइट’ ही सहा भागांची मालिका झाली. तिची मूळ रंगीत चित्रफीत नष्ट झाली, उरली ती कृष्णधवल प्रत. या गोष्टीला काळापांढरा रंगच शोभतो, त्यामुळे त्याचं मला फारसं दुःख नाही. १९८८ साली बर्नार्ड रोझ यांनी ‘पेपरहाउस’ हा चित्रपट केला. चित्रपट म्हणून तो कसबी आहे, त्यातलं माळावरचं घर विसरता येत नाही. पण त्यात मुलीचं नाव बदललं, दगड काढून टाकले आणि त्यांच्या जागी मुलीचा बाप आणला. तो हातोडा घेऊन मागे लागतो. माझ्या मते इथे गोष्ट मोडली. हातोडा घेतलेल्या माणसाची भीती वाटणं सोपं आहे. दगड काही करत नाहीत, नुसते बघतात. जिने त्यांना डोळे दिले तिच्याकडेच बघतात.

पुस्तकात उणिवा आहेत. मॅरिअ‍ॅनची आई पुसट आहे, मिस चेस्टरफील्ड तर नुसती बातम्या आणणारी. मधल्या भागात काय काढायचं आणि काय नाही याची चर्चा रेंगाळते. घरी येऊन शिकवणाऱ्या बाई कुणाला परवडतात, हा प्रश्न लेखिकेला पडलेला नाही. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही मुलांना आठवत नाही.

त्यांना काय आठवतं, ते मी ऐकलेलं आहे. वाचनालयात उन्हाळ्याच्या सुट्टीत ही गोष्ट मी दहा-बारा दिवस, रोज थोडी अशी सांगत असे. शेवटी गुरुजींचा प्रश्न. बहुतेक मुलं दगड सांगायची. एक मुलगा मात्र म्हणाला, ‘जिना.’ त्याची आई वर्षभर माहेरी निघून गेलेली होती, हे मला नंतर कळलं. आणि एक मुलगी, जी सहसा बोलायची नाही, तिने विचारलं, ‘तिने सॉरी म्हटलं का त्याला?’ मी म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’ ती विचार करून म्हणाली, ‘सायकल काढली ना.’

शेवटाबद्दल मुलं माझ्याशी दर वर्षी भांडली. हेलिकॉप्टर येतं, पण मार्क एकटाच पुढे जातो. मॅरिअ‍ॅनसाठी ते परत येईल असा निरोप मागे ठेवून जातो. ती समुद्राकाठी गवतावर थांबते आणि पुस्तक तिथे संपतं. ‘मग आलं का हेलिकॉप्टर?’ मुलं विचारायची. पुस्तकात नाही, असं मी सांगायची. काहींना ते अजिबात पटायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरून चित्र काढून आणायची. समुद्र, काठावर मुलगी आणि वर हेलिकॉप्टर. आमच्या वाचनालयाच्या लाकडी कपाटात अशा हेलिकॉप्टरांचा एक गठ्ठा आहे. काहींच्या मागे दोन डोंगर आणि मधला सूर्यही आहे.

फ्लोरा फाउंटनवर घेतलेली ती पफिनची प्रत आज मी बरोबर आणली आहे. व्याख्यानानंतर ती दाराजवळच्या टेबलावर ठेवेन आणि आजपासून ती या व्याख्यानमालेच्या ग्रंथालयाची. पाठीचा पुठ्ठा सुटला आहे, जपून उघडावी. ज्यांच्या घरी एखादं मूल आजारी पडून आहे, त्यांनी ती आधी न्यावी. मूल इंग्रजी वाचत नसेल तर तुम्ही रोज चार पानं वाचून त्याला मराठीत सांगा. बरोबर एक कोरी वही आणि एक शिसपेन्सिल उशाशी ठेवा.